अष्टूरचा शंख

बिदर शहराच्या पूर्वेस सुमारे तीन किलोमीटरांवर अष्टूर नावाचे लहानसे गाव आहे. तेथे बहमनी सुलतानांच्या कबरी एका रांगेने उभ्या आहेत. त्यांपैकी हुमायूनशहाच्या कबरीवर १८८२ साली वीज कोसळली, आणि तेव्हापासून तिचा घुमट दुभंगलेल्या नारळासारखा उघडा पडला आहे. पण ज्याच्यासाठी माणसे आजही मुद्दाम वाट वाकडी करून अष्टूरला जातात, तो घुमट अहमदशहा वलीचा. १४२२ ते १४३६ अशी चौदा वर्षे राज्य करणारा आणि राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणणारा हा सुलतान. बाहेरून पाहावे तर इमारत साधी, जाड भिंतींची, जवळजवळ गंभीर म्हणावी अशी. आत मात्र अंधार दाटलेला असतो, आणि त्या अंधारातच तिचे सारे वैभव आहे.

तेथील राखणदार दारात उभा राहून हातातल्या आरशाने किंवा चकचकीत पत्र्याने उन्हाचा एक तुकडा आत फेकतो. तो तुकडा भिंतीवर सरकू लागला की हिंगुळाचा लाल रंग, गडद निळा रंग, त्यावरील सोनेरी वेलबुट्टी आणि वेलीप्रमाणेच एकमेकींत गुंतलेली अरबी-फारसी अक्षरे क्षणभर उजळतात आणि पुन्हा काळोखात बुडतात. इराणातून आलेल्या शुक्रुल्ला काझविनी या चित्रकाराचे नाव या कामाशी जोडलेले आहे. त्या अक्षरांत काय आहे, हे गुलाम यझदानी यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बिदरवरील ग्रंथात विस्ताराने सांगितले आहे. किरमानचे सूफी शाह निअमतुल्ला हे अहमदशहाचे गुरू. त्यांची गुरुपरंपरा तेथे लिहिलेली आहे, पैगंबर आणि त्यांच्या कुलातील थोर पुरुष यांच्यावरील आशीर्वचने आहेत, सूफी काव्य आहे. म्हणजे ती भिंत केवळ शोभेची नाही. तिला एक निश्चित मत आहे, आणि ते ती सोन्याच्या अक्षरांनी सांगते.

आणि याच भिंतीपुढे दर वर्षी, होळी उलटल्यावर, हिंदू पंचांगाच्या हिशेबाने उरूस भरतो. त्या उरुसाचा मान कलबुर्गी जिल्ह्यातील माड्याळ गावच्या एका लिंगायत जंगमाकडे आहे. तो आपल्या अनुयायांसह पायी चालत अष्टूरला येतो. घुमटाखाली शंख फुंकला जातो, श्रीफळ फुटते, कबरीवर फुले वाहिली जातात. मुसलमान भाविक ज्याला वली म्हणतात, त्यालाच ही मंडळी अल्लमप्रभू मानतात. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणात अनुभवमंटपाच्या शून्यसिंहासनावर जो बसला, तोच पुढे या देहाने आला, अशी त्यांची श्रद्धा.

हे दृश्य पाहणाऱ्यास, किंवा त्याचे वर्णन वाचणाऱ्यासही, प्रथम आनंद होतो; आम्हांसही झाला. सर्व धर्म एकच, सर्व नद्या सागरासच मिळतात, ही वाक्ये जिभेवर आपोआप येतात. व्याख्यानांतून आणि उत्सवांच्या स्मरणिकांतून ती आपण इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांचा उच्चार करण्यास विचार करावा लागत नाही. हीच आमची अडचण आहे. ज्या वाक्यास विचार लागत नाही ते प्रसंग पडल्यावर उपयोगीही पडत नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून अष्टूरच्या त्या शंखाविषयी थोडे सावकाश बोलावे, असे वाटते. भक्तीच्या कलेत आपणांस जे ऐक्य दिसते ते खरोखर काय असते? ते ज्ञानातून येते की अज्ञानातून? आणि अज्ञानातून येत असेल तर त्यास ऐक्य म्हणावे काय?

आक्षेप सरळच आहे. माड्याळच्या भाविकांस ती सोनेरी अक्षरे वाचता येत नाहीत. वाचता आली असती तर त्यांत अल्लमप्रभूंचे नाव कोठेही नाही, हे त्यांस दिसले असते. उलट पक्षी, त्या अक्षरांचा अर्थ जाणणाऱ्या मौलवीस अल्लमांची वचने ठाऊक असण्याचे कारण नाही. एकाच छपराखाली दोन माणसे उभी आहेत. एकाला भिंत दिसते, दुसऱ्याला प्रभू दिसतो. दोघांनाही दुसऱ्याला काय दिसते आहे याचा पत्ता नाही. असे असता येथे दोन धर्मांचे मीलन झाले असे म्हणणे म्हणजे दोन परक्या प्रवाशांनी एकाच धर्मशाळेत रात्र काढली म्हणून त्यांची सोयरीक झाली असे म्हणण्यासारखे नव्हे काय?

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. अहमदशहा हा संतांचा भक्त होता हे खरे. दुष्काळात तो टेकडीवर जाऊन प्रार्थना करिता झाला, पाऊस पडला, आणि लोक त्यास वली म्हणू लागले, अशी कथा आहे. पण याच सुलतानाने राज्यावर येताच विजयनगरवर स्वारी केली. मारलेल्यांची संख्या वीस हजारांवर गेली की तो तीन दिवस मुक्काम करून उत्सव करी, असे फरिश्ता लिहितो. फरिश्ता हा दीडशेहून अधिक वर्षांनंतरचा लेखक, आणि दरबारी इतिहासकारांस आपल्या सुलतानाचा पराक्रम रक्ताच्या मापाने मोजण्याची खोड असे. आकडा फुगविलेला असेल. तथापि तो निम्म्याने कमी केला, दहाव्या हिश्श्यावर आणला, तरी उरते ते पुरेसे भयंकर आहे. अशा पुरुषाच्या कबरीवर कन्नड मुलखातील शिवभक्तांनी श्रीफळ फोडावे, याचा अर्थ काय लावायचा? आमच्या पूर्वजांना विस्मरण झाले? की त्यांना कोणी फसविले?

हा प्रश्न विचारणारा मनुष्य द्वेष्टा असतोच असे नाही. तो प्रश्न न विचारताच ऐक्याची स्तोत्रे गाणाऱ्यांपेक्षा तो आम्हांस अधिक आदरणीय वाटतो.

या मुलखातील दुसरी एक कथा आपणां सर्वांच्या घरी आहे. ज्यांच्या देवघरात गुरुचरित्राची पोथी आहे, त्यांस पन्नासावा अध्याय ठाऊक असेल. बिदरच्या यवन राजाच्या मांडीवर स्फोटक झाले. कोणाचे औषध चालेना. तो शोध घेत श्रीनृसिंहसरस्वतींपाशी आला. आणि दृष्टी पडताच त्यास पूर्वजन्म आठवला. पूर्वी तो रजक होता, श्रीपादश्रीवल्लभांची सेवा करणारा. राजवैभव पाहून त्याच्या मनात इच्छा उपजली, आणि गुरूंनी ती पुढील जन्मी पुरविली. हा राजा अहमदशहाचा पुत्र अलाउद्दीन असावा, असे काही अभ्यासक सुचवितात. तो कोणीही असो. कथेचा रोख स्पष्ट आहे. सिंहासनावर जो परका दिसतो, तो मुळात आपलाच. तो आपल्या गुरूचा जुना सेवक आहे, वाट चुकून दूर गेलेला आहे, आणि शेवटी परत येतो.

माड्याळची श्रद्धा आणि गुरुचरित्राची कथा या दोहोंची जात एकच दिसते. परक्याला आपलासा करण्याची ही आमची जुनी रीत. बुद्धाला आम्ही अवतारांत बसविले, गावोगावच्या देवतांना पुराणांतली नावे दिली. परदेशी पंडितांनी या रीतीस पुष्कळ नावे ठेविली आहेत. ते म्हणतात, हे औदार्य नव्हे. दुसऱ्याला गिळून टाकण्याचा हा सौम्य प्रकार आहे. तुम्ही त्याला मान देता, पण तो जे आहे ते म्हणून देत नाही, तुम्हांला तो जसा हवा तसा करून देता. या टीकेत तथ्य आहे, हे कबूल करावयास हवे. पराभूत समाज आपल्या मनाचे समाधान असेच करून घेतो. राजा आपल्याला जिंकता येत नाही. मग तो मागच्या जन्मी आपला धोबी होता, एवढे तरी म्हणावे.

परंतु दोन्ही कथा पुन्हा एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या. गुरुचरित्रात राजा पालखी-मेण्यासह गुरूंकडे येतो. अष्टूरला जंगम पायी चालत राजाकडे जातो. पोथीत आपण आपल्या अंगणात उभे असतो आणि पाहुणा नमतो. अष्टूरला आपण दुसऱ्याच्या उंबरठ्याबाहेर पादत्राणे काढतो. कोण कोणाच्या दारी जातो, ही गोष्ट लहान नाही. दुसऱ्याला आपल्यात मोजणे घरबसल्या होते, त्याला काही मोल पडत नाही. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या भिंतीवर आपले नाव नसताना, आपले फूल ठेवून येणे याला मोल पडते. गिळून टाकणारा जंगम त्या घुमटाच्या आत विभूतीचे पट्टे ओढता, अल्लमांची मूर्ती बसविता, अक्षरांवर चुना फासता. शतकानुशतके त्याने यांतले काहीच केले नाही. भिंत जशी होती तशी राहिली. तिचे सोने आज फिके पडले आहे ते काळाने आणि ओलीने.

म्हणून पहिल्या आक्षेपाला आमचे उत्तर असे की, अज्ञान आहे खरे, पण ते उर्मट अज्ञान नाही. आपल्याला न कळणारे काही येथे लिहिले आहे आणि ते आदराने लिहिले आहे, एवढे त्या मंडळींस कळते. न वाचता येणाऱ्या अक्षरांपुढे हात जोडणे ही देवळात जाणाऱ्या सामान्य माणसाला नवी गोष्ट नाही. आपल्यापैकी कितीजणांस पुरुषसूक्ताचा अर्थ शब्दशः येतो? अभिषेक चालू असता आपण डोळे मिटून बसतो, तेव्हा आपणही एका सोनेरी, अपरिचित भिंतीसमोरच बसलेले असतो.

तथापि ज्ञानपूर्वक झालेले ऐक्यही या दख्खनमध्ये घडले आहे, आणि त्याचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा याने १५८० ते १६२७ राज्य केले. प्रजा त्यास जगद्गुरू म्हणे. त्याच्या ‘किताब-ए-नवरस’ या दख्खनी भाषेतील गीतसंग्रहात सरस्वती आहे, गणपती आहे, शिवपार्वती आहेत. आणि त्याच गीतांत गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाझ गेसूदराज हेही आहेत. प्रत्येक गीत कोणत्या रागात गावे हे सांगितलेले आहे. तंबोऱ्यावर जीव असलेला हा राजा सरस्वतीला सरस्वती म्हणूनच हाक मारतो. ती अमुक फरिश्त्याचे दुसरे नाव आहे, किंवा मागच्या जन्मी ती कोणी वेगळी होती, असे म्हणण्याची त्यास गरज वाटत नाही. ती विद्येची आणि सुराची देवता आहे, तो सुराचा उपासक आहे. मधे दुभाषा कशाला?

येथे एक गोष्ट मनोरंजक आहे. ज्या गेसूदराजांचे नाव त्याने सरस्वतीच्या शेजारी ठेविले, ते स्वतः इतके मृदू नव्हते. चौदाशेच्या सुमारास दिल्लीकडून ते गुलबर्ग्यास आले आणि १४२२ साली शंभरी ओलांडून वारले. त्यांनी संस्कृत ग्रंथांचा परिचय करून घेतला होता. पण तो ब्राह्मणांशी वाद करून त्यांस निरुत्तर करण्यासाठी, असे त्यांच्या संभाषणांच्या संग्रहावरून दिसते. आज त्यांच्या दर्ग्यात हिंदू स्त्रिया नवस बोलतात. संतांची मते आणि संतांच्या कबरीवरील गर्दी यांचा मेळ बसतोच असे नाही, आणि ही स्थिती सर्वच धर्मांत आहे. अल्लमप्रभूंनी तर देऊळ, मूर्ती, तीर्थ यांवर जन्मभर कोरडे ओढले. त्यांच्या नावाने एका कबरीवर श्रीफळ फुटावे हे त्यांस आवडले असते काय, कोणास ठाऊक. हसले असते, असे आमचे मन म्हणते.

इब्राहिमाचा मार्ग सुंदर खरा, पण तो एका राजाचा होता. तो गेल्यावर त्या दरबाराची ती हवा गेली. कलेतील ऐक्याला घर लागते, वहिवाट लागते, स्वयंपाकघर लागते, वर्षातून एकदा जमणारी माणसे लागतात. हे घर एकोणिसाव्या शतकात याच मुलखात हुमनाबादजवळ उभे राहिले. माणिकप्रभू १८१७ साली दत्तजयंतीच्या दिवशी जन्मले आणि १८६५ च्या मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस समाधिस्थ झाले. त्यांनी वसविलेले माणिकनगर हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहे. प्रभूंची पदे मराठीत आहेत, कन्नडात आहेत, संस्कृतात आहेत, आणि त्या काळच्या निजामी मुलखात जी हिंदी-उर्दू बोलली जाई तिच्यातही आहेत. चरित्रकार सांगतात की दत्तभक्त त्यांस दत्तावतार मानीत, लिंगायत बसवेश्वर मानीत, आणि मुसलमान महबूब सुभानी मानीत.

त्यांच्या संप्रदायाचे नाव सकलमत. प्रभूंच्या ब्रीदावलीत ‘सकलमतस्थापित’ असा शब्द येतो, आणि आम्हांस तो फार विचार करण्याजोगा वाटतो. सर्व मते एकच आहेत, असे तो शब्द म्हणत नाही. सर्व मते आपापल्या जागी स्थापित आहेत, असे म्हणतो. या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात भेद पुसला जातो. मग ज्याचा भेद पुसला त्याने तक्रार केली तर तो संकुचित ठरतो. दुसऱ्यात भेद राहतो आणि त्यालाही पाट मांडला जातो. मात्र येथेही सावध असले पाहिजे. अद्वैताच्या शिखरावर उभे राहून, तुमची सर्वांची मते पायथ्याशी ठीक आहेत असे म्हणणे हासुद्धा एक अहंकारच होय, आणि तो आपल्या समाजात विपुल आहे. तो कसा टाळावा याचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षा माणिकनगरच्या गाण्यात अधिक सापडते, असे आमचे मत आहे. तेथील उत्सवांत शास्त्रीय संगीताची परंपरा दीर्घ आहे. गाणारा हिंदू असो की मुसलमान, भैरवी ही भैरवीच असते. ती गाण्यासाठी त्याने आपले मत सोडावे लागत नाही, आणि ऐकणाऱ्याने आपले सोडावे लागत नाही. सूर लागला की नाही, एवढाच वाद उरतो. तो मात्र हमरीतुमरीवर येऊ शकतो, हे गाण्याच्या बैठकींस जाणाऱ्यांस सांगणे नलगे.

येथवर आम्ही जुन्या गोष्टी सांगितल्या. आता एक आजची सांगितली पाहिजे, कारण तीवाचून हे सारे लेखन पोथीनिष्ठ ठरेल.

माड्याळच्याच बाजूस, कलबुर्गी जिल्ह्यात आळंद म्हणून गाव आहे. तेथे लाडले मशायख यांचा दर्गा आहे, आणि त्याच्या आवारात राघवचैतन्यांचे स्थान आहे, त्यावर शिवलिंग आहे. राघवचैतन्य कोण, हे मराठी माणसास सांगावयास नको. तुकोबांनी आपली गुरुपरंपरा सांगताना राघवचैतन्य, केशवचैतन्य आणि बाबाजी ही नावे घेतली आहेत. देहूच्या त्या अभंगवाणीचे एक मूळ एका दर्ग्याच्या कुंपणात आहे, ही वस्तुस्थिती आपणांपैकी कित्येकांस आता आता वर्तमानपत्रांतून कळली; आणि कळली तीही भांडणाच्या बातमीतून. २०२२ च्या महाशिवरात्रीस तेथे तणाव झाला, दगडफेक झाली. पुढील वर्षी प्रकरण वक्फ न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय यांच्यापर्यंत गेले. २०२३ च्या महाशिवरात्रीस दोन्ही समाजांस दिवसाच्या वेगवेगळ्या वेळा नेमून देण्यात आल्या, आणि पूजेसाठी हिंदूंपैकी पंधराजणांस आत जाण्याची अनुज्ञा मिळाली. बाहेर पोलिसांचा बंदोबस्त होता.

पंधरा. ही संख्या आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवीत आहो. न्यायालयाने शांततेसाठी जे केले त्यास आम्ही दोष देत नाही; न्यायालयापुढे अर्ज गेला की त्यास वेळ आणि डोकी मोजावीच लागतात. पण ज्या जागी दोन भक्तींनी एकमेकींस न मोजता शतके काढली, तेथे मोजणी आली याचे कारण काय? कारण असे की, दोन्हीकडच्या नव्या माणसांना आता अक्षरे वाचता येऊ लागली आहेत. पूर्वीचा भाविक भिंतीपुढे उभा राही तेव्हा तेथे कोण आहे असे विचारी. आताचा विचारतो, हे कोणाचे आहे. सातबाऱ्याचा उतारा वाचण्याच्या डोळ्याने तो शिवलिंगाकडे पाहतो आणि त्याच डोळ्याने कबरीकडे पाहतो. त्याला इतिहास अधिक येतो, आणि तो इतिहास पुष्कळदा खराही असतो. अहमदशहाच्या स्वाऱ्या त्यास ठाऊक आहेत. माड्याळच्या जंगमाला कदाचित ठाऊक नसतील. तेव्हा आमच्यापुढील खरा प्रश्न हा आहे की, सर्व जाणून, काहीही न विसरता, त्या उंबरठ्यापर्यंत चालत जाता येते काय? अज्ञानाने जे साधले ते ज्ञानाने साधेल काय?

याचे उत्तर शोधण्यास आम्ही आपल्याच देवळात येऊ. हे मासिक वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे कुलदैवत फोंडा महालात आहे. तेथील इतिहास आपण विसरलेले नाही. सोळाव्या शतकात साष्टीतील देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा देव रात्री पालखीतून नदी ओलांडून निघाले. श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास आला; श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. घराघरांतून ही कथा आजीने नातवंडांस सांगितली आहे. ज्यांनी हे केले त्यांच्या विषयी त्या कथेत प्रेम नाही, आणि असावे अशी अपेक्षाही नाही.

आता कवळ्याचे देऊळ डोळ्यांपुढे आणावे. आजची वास्तू अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या साह्याने उभी राहिलेली. गाभाऱ्यावर शिखर नाही. अष्टकोनी पायावर घुमट आहे. भिंतींस कमानदार खिडक्यांची रांग आणि त्यांमधून चपट्या खांबांची ठेवण आहे, ती थेट गोव्यातल्या चर्चमधली. घुमटाची कल्पना दख्खनच्या सुलतानांकडून आणि फिरंग्यांच्या देवळांकडून, दोन्हीकडून आलेली. समोर मजल्यामजल्यांचा दीपस्तंभ पाहिला की चर्चच्या घंटाघराची आठवण होते. आत सभामंडपात काचेच्या हंड्या आणि झुंबरे लोंबतात. ज्यांच्यापायी देवी रानावनातून पळाली, त्यांच्या मंदिरांचा घाट तिच्याच डोक्यावर आहे.

आणि हे सक्तीने झालेले नाही, हा मुद्दा महत्त्वाचा. फोंडा महाल पोर्तुगीजांच्या अमलात गेला तो १७६३ साली. देऊळ बांधले तेव्हा आपले लोक तेथे मोकळे होते. त्यांस शिखर बांधण्यास कोणी मनाई केली नव्हती. त्यांनी घुमट निवडला. त्यांना विसर पडला होता असे म्हणण्याची सोय नाही. देवीच्या स्थलांतराला तेव्हा पुरती दोनशे वर्षेही झाली नव्हती, आणि नदीपलीकडे इन्क्विझिशनचे न्यायासन अद्याप चालू होते. सर्व ठाऊक असता त्यांनी शत्रूच्या घरची सुंदर वस्तू सुंदर म्हणून घेतली, आणि आपल्या आईच्या डोक्यावर ठेविली.

यास क्षमा म्हणावे काय? आमच्या मते नाही. क्षमा हा मोठा शब्द आहे. ती ज्याच्यावर अन्याय झाला त्याने द्यावयाची असते, वास्तुशिल्पाने नव्हे. त्या गवंड्यांनी आणि महाजनांनी एवढेच केले की, कमान आणि अन्याय या दोन वस्तू वेगळ्या ठेविल्या. अन्याय त्यांनी कथेत जपला, कमान भिंतीत जपली. असेच काही पलीकडच्या बाजूसही घडत होते. इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचिली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. नवख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकल्यावाचून करमत नव्हते, म्हणून ते रचावे लागले. धर्म बदलला, पण ओवीची सवय सुटेना. ज्या मिशनने आमची देवळे नकोशी मानली, तिच्याच माणसाला आमच्या छंदाच्या दारी यावे लागले. यात कोणाचा जय आणि कोणाचा पराजय, हे ठरविणे आम्हांस साधत नाही.

आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी हा लेख वाचून विचारले, “मग तुमचे म्हणणे काय? अहमदशहास वंदन करावे की करू नये?” आम्ही म्हटले, त्याची आज्ञा देणारे आम्ही कोण? ज्यास फरिश्त्याचे पान आठवून पाऊल अडखळते, त्याचे पाऊल अडखळणे योग्यच आहे. मेलेल्यांची तेवढी आठवण कोणी तरी ठेविली पाहिजे. पण माड्याळहून जो चालत येतो, त्याला मूर्ख ठरविण्यापूर्वी त्याच्याबरोबर निदान एकदा चालून यावे. तो राजाच्या तलवारीस श्रीफळ वाहत नाही. त्याला ज्याच्या ठिकाणी प्रभू दिसला, त्याच्यापाशी तो जातो, आणि ज्याचे घर आहे त्याच्या घराची रीत पाळून परत येतो. स्नेही समाधान पावले नाहीत. आम्ही स्वतःही पुरते पावलेलो नाही, हे येथे नमूद करतो.

अष्टूरला आम्ही गेलो तेव्हा उरुसाचे दिवस नव्हते. दुपार होती. राखणदाराने आरसा फिरविला आणि उन्हाचा तो चौकोनी तुकडा घुमटाच्या पोटातून हळूहळू खाली उतरला. निळ्या रंगावर एक सोनेरी ओळ उजळली. आम्ही विचारले, हे काय लिहिले आहे? तो म्हणाला, वाचता येत नाही साहेब, पण माझ्या वडिलांनी याच जागी ऊन थांबवायला शिकविले आहे. मग त्याने आरसा तसाच धरून ठेविला, आमचे पाहून होईपर्यंत.